विजेच्या कसाला लागलेले बियाणे

जालन्यास ‘सोने का पालना’ म्हणण्याची रीत जुनी. आज येथले सोने म्हणजे बियाणे! बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच ‘महिको’ कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पण सोने म्हटले की कस आलाच. भोकरदनकडचे माझे मामा एका खरिपात चांगलेच पोळले. पिशवीवर नाव संकरित कपाशीचे. शेतात पाव हिस्सा झाडे भलतीच. हे उमगले ते बोंडे धरायच्या वेळी. “पैसा पुन्हा मिळंल रे, हंगाम कुठून आणू?” मामा म्हणाले.

मामेबहीण बियाण्यांच्या प्रयोगशाळेत असते. दिवाळीच्या फराळाला तिला विचारले, “पेरण्याआधी भेसळ कळत नाही का?”

“कळते की, दादा! विजेलाच विचारायचे.”

मग तिने उलगडून सांगितले. प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. त्याच्या कण्यावर ऋण विद्युतभार असतो. कोवळ्या रोपाच्या पानातून तो काढायचा, त्यातल्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती करायच्या आणि समुद्रशेवाळापासून केलेल्या खळीसारख्या थरात सोडून वीज चालू करायची. तुकडे धन टोकाकडे धावतात. लहान पुढे, मोठे मागे! खऱ्या संकरित रोपात आईची नि बापाची अशा दोन्ही रेघा उमटतात. एकट्या आईचीच दिसली, तर संकर झालेलाच नाही. शेतात हंगामभर वाट पाहायची, ते काही दिवसांत कळते.

याच विद्युतभाराच्या जोरावर शास्त्रज्ञ आता डीएनए वाचू लागले आहेत. पडद्यातील अतिसूक्ष्म छिद्रातून खारट द्रवातली वीज वाहते. त्यातून धागा सरकला की प्रत्येक अक्षरसमूह प्रवाह निरनिराळा अडवतो. त्या चढउतारावरून मजकूर लागतो. या तत्त्वाचा गाजलेला प्रयोग १९९६ सालचा. २०१४ पासून मुठीत मावणारी यंत्रे संशोधकांच्या हाती आली. डीएनएचीच तार करून अणुरेणूंएवढी विद्युत्‌यंत्रे जोडता येतील का, हेही तपासले जात आहे.

मामांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. “समदं खरं, पोरी. पण दुकानात मला ती रेघ कोण दावनार?”

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “आबा, पावती, पिशवी आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपा. तक्रार केलीत तर तपासायला काहीतरी हाती हवे.”

यंदा मामांच्या फडताळात वहीशेजारी रिकामी पिशवी, पावती नि पुरचुंडीत बांधलेली मूठभर सरकी आहे.