अकॅडमीनंतरचं शिक्षण

सुट्टीत घरी गेलं की नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. 'तिकडे जेवायला नीट मिळतं का?' आणि 'एनडीएला गेलास म्हणजे पुढचं शिक्षण संपलंच ना?' पहिल्याचं उत्तर मेसमधल्या पोळ्यांवर अवलंबून आहे. दुसऱ्याचं मी यंदा जरा खोलात जाऊन शोधलं, कारण आमच्या घरी त्यावर वाद चालू आहे. बाबांना नोकरीमुळे एम.एस्सी. अर्ध्यावर सोडावं लागलं होतं. मी भौतिकशास्त्रात त्यांच्यापुढे जावं असं त्यांना वाटतं. मला वर्दी हवी आहे, आणि खरं सांगायचं तर भौतिकशास्त्रही हवं आहे.

खडकवासल्याला तीन वर्षांत फक्त ड्रिल आणि दौड होत नाही, हे आधी पालकांना सांगायला हवं. तिथे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. बी.ए., बी.एस्सी. किंवा संगणकशास्त्रातली बी.एस्सी. नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेट्सना बी.टेक.चाही मार्ग आहे. ते शिक्षण पुढे एळिमला किंवा दुंडिगलच्या अकॅडमीत पूर्ण होतं. म्हणजे अधिकारी होताना हातात पदवी असते आणि तिच्यावर पुढे शिकता येतं.

चेन्नईतली गोष्ट वेगळी आहे. तिथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत, म्हणजे ओटीएत, माझी मावसबहीण होती. तिच्या पासिंग आउट परेडला आम्ही सगळे गेलो होतो. परमेश्वरन ड्रिल स्क्वेअरवर मावशी इतकी रडली की ताईच्या खांद्यावरचा स्टार शेवटी काकांनीच नीट बसवला. ओटीए १९६३ साली सुरू झाली, आणि १९९२ पासून तिथे मुलीही प्रशिक्षण घेतात. साताऱ्याचे शहीद कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये इथूनच लेफ्टनंट झाल्या.

इथे क्रम उलटा असतो. आधी कॉलेजची पदवी, मग ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. ते यशस्वीपणे पूर्ण केलं की मद्रास विद्यापीठाचा संरक्षण व्यवस्थापन आणि सामरिक अभ्यास या विषयातला पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो. हे विद्यापीठ १८५७ चं आहे, आपल्या मुंबई विद्यापीठाच्याच वर्षातलं. ताईनं पुण्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. डिप्लोम्याचा अभ्यास कधी करायचीस असं विचारलं तर म्हणाली, "झोप येत नसेल तेव्हा. आणि तिथे झोप कायमच येते."

खरं पदव्युत्तर शिक्षण पुढे, नोकरीत काही वर्षं काढल्यावर येतं. निलगिरीत कुन्नूरजवळ वेलिंग्टनला डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज आहे. साधारण मेजर पदावरचे निवडक अधिकारी तिथे शिकतात आणि त्यांना मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवता येते. पुण्याचे जनरल मनोज नरवणे १९८० मध्ये एनडीए, आयएमए करून पायदळात गेले. ते वेलिंग्टनला शिकले. त्यांच्याकडे मद्रास विद्यापीठाची संरक्षणशास्त्रातली मास्टर्स आणि इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाची एम.फिल. आहे. २०१९ च्या अखेरीस ते लष्करप्रमुख झाले. डॉक्टर व्हायचं असेल त्यांनी लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांच्याकडे पाहावं. पुण्याच्या एएफएमसीतून एम.बी.बी.एस., मग वर्दीतच बालरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या मूत्रपिंडविकारांचं प्रशिक्षण.

मला भौतिकशास्त्राच्या जवळचं काही हवं असेल तर तिसरी वाट आहे. सेना निवडक अधिकाऱ्यांना पूर्ण पगारावर आयआयटीत एम.टेक.ला पाठवते. ओटीएपासून काही किलोमीटरवर आयआयटी मद्रास आहे. परतताना टॅक्सीतून तिचं फाटक दिसलं तेव्हा बाबा बराच वेळ मागे वळून बघत होते.

पण यात एक अट आहे आणि ती मी बाबांपासून लपवलेली नाही. कधी शिकायचं हे आपण एकट्यानं ठरवायचं नसतं. आधी युनिट, मग निवड. जागा थोड्या आणि इच्छुक भरपूर. विषयही सेनेला उपयोगी पडेल असाच हवा. शिवाय सेनेच्या खर्चानं शिकलं की पुढे ठरावीक वर्षं सेवा द्यावी लागते. कॉलेजातला मित्र तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. होईल तेव्हा आपण कदाचित एखाद्या चौकीवर असू. ज्याला फक्त संशोधनच करायचं आहे त्यानं सरळ विद्यापीठात जावं, असं माझं मत आहे.

दहावीच्या मित्रांनो, अकरावीत गणित सोडायचा विचार असेल तर थांबा. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांना असतो. नौदल आणि हवाई दलासाठी तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही लागतात. ताई सध्या पंजाबात आहे. संख्याशास्त्राची दोन पुस्तकं तिनं ट्रंकेत नेली आहेत. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, एक उघडलंय.