मोशेचीं शिंगें : एका शब्दाचा अर्थनिर्णय

रोम येथील सान पिएत्रो इन व्हिंकोली या ख्रिस्तमंदिरांत शिल्पकार मायकेलँजेलो यानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं घडविलेली मोशेची मूर्ति आहे. तिच्या मस्तकावर दोन शिंगें आहेत. यहुद्यांचा धर्मशास्त्रदाता सशृंग कां, या प्रश्नाचें उत्तर एका हिब्रू शब्दांत आहे.

मोशे सीनाय पर्वतावरून शिलापट घेऊन उतरला, तेव्हां त्याच्या मुखाच्या त्वचेस काय झालें, हें निर्गम ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायांत ‘कारन्’ या क्रियापदानें सांगितलें आहे. प्राचीन हिब्रू लेखनांत मुख्यतः व्यंजनेंच लिहीत. स्वरचिन्हें कित्येक शतकांनंतर आलीं. क-र-न हींच अक्षरें ‘केरेन्’ म्हणजे शिंग या नामाचींही आहेत. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद संदर्भावरून ठरविणाऱ्या आमच्या वाचकांस ही अडचण अपरिचित नाहीं.

ख्रिस्तपूर्व काळच्या ग्रीक भाषांतरांत येथें ‘गौरवयुक्त झाली’ असा अर्थ केला आहे. जेरोमनें इ. स. ४०५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या लॅटिन भाषांतरांत मात्र ‘सशृंग’ या अर्थाचा शब्द आहे. हें निव्वळ अज्ञान नव्हे. ग्रीक पाठ त्यास ठाऊक होता. शिवाय हिब्रूंत शिंग हें सामर्थ्याचें व वैभवाचें लक्षक आहे. पुढील वाचकांनीं लक्षणा सोडून अभिधा तेवढी धरली. अकराव्या शतकांतील एका सचित्र इंग्लिश हस्तलिखितांत मोशेस शिंगें काढलेलीं आढळतात.

मग निर्णय कसा करावा? येथें मीमांसकांचीं तात्पर्यलिंगें उपयोगीं पडतात. अभ्यास पाहूं जातां हें क्रियापद त्याच अध्यायांत तीनदां येतें आणि तिन्ही वेळां कर्ता मुखाची त्वचा आहे, मस्तक नव्हे. उपसंहार पाहतां मोशे मुखावर आच्छादन घेतो. उपपत्तीस हबक्कूक ग्रंथाचा तिसरा अध्याय आहे. तेथें प्रकाशाच्या वर्णनांत हाच शब्द द्विवचनीं येतो व ‘किरण’ हा अर्थ जुळतो. उलट पक्षीं, ६९ व्या स्तोत्रांत याच धातूचें साधित रूप शिंगें असलेल्या बैलास लाविलें आहे, हें लपवूं नये. तथापि आपल्या ‘गो’ शब्दाचे गाय व किरण हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून कोणी सूर्याच्या गाईंचें दूध काढावयास जात नाहीं. प्रकरण पाहतां ‘त्वचा तेजानें झळकूं लागली’ हाच अर्थ ग्राह्य होय.

हा वाद केवळ शब्दांचा नाहीं. यहुद्यांस शिंगें असतात असा दुष्ट प्रवाद मध्ययुगीन यूरोपांत होता. १२६७ च्या व्हिएन्ना येथील धर्मसभेनें त्यांस शृंगाकार टोपी घालण्याची सक्ति केली. या द्वेषाचीं मुळें अनेक होतीं; परंतु सशृंग मोशेच्या चित्रांनीं अशा समजास आधार मिळाला.

पंडिता रमाबाई संस्कृतज्ञ होत्या. तरी बायबल मराठींत आणतांना त्यांनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. तोच मार्ग आम्हांसही योग्य आहे. संदिग्ध शब्द आढळल्यास पोथींतील अक्षरें जशींच्या तशीं उतरावीं, संभाव्य अर्थ समासांत नोंदवावे, आणि प्रकरण आद्यंत वाचल्यावांचून त्यांतील एकही खोडूं नये.