जालन्याचा हापसा

मारुतीच्या पाराशेजारीं किंवा शाळेच्या आवारांत उभा असलेला लोखंडी हापसा इतका परिचयाचा झाला आहे कीं, तो कोठून आला हें विचारावें असें कोणास वाटत नाहीं. जिल्हा परिषदेनें बसविला, एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. तें खोटें नव्हे. परंतु या यंत्राचें एक मूळ आपल्या शेजारीं जालन्यास आहे, आणि तें एका ख्रिस्ती मिशनच्या दुष्काळनिवारणाच्या कामांतून निघालें, ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. जालना आम्हां परभणीकरांस परकें नाहीं. परतूर तालुका तर १९८१ सालीं जालना जिल्हा होईपर्यंत आपलाच होता.

जालन्यास स्कॉटलंडच्या मिशनचें ठाणें जुनें. १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनीं निजामसरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत वसविली. तिच्यांत बहुतेक अस्पृश्य गणलेल्या जातींतून आलेलीं कुटुंबें होतीं. धर्मांतराविषयीं ज्याचें जें मत असेल तें असो. तहानलेल्या माणसाजवळ कोण गेलें याचा हिशेब वेगळा ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

१९६५ व १९६६ या लागोपाठच्या वर्षीं देशांत अवर्षण पडलें. अनेक चर्चसंस्था धान्य व दूधभुकटी घेऊन पुढें आल्या. पण वांटलेलें धान्य पुढचा पाऊस पडण्यापूर्वींच संपतें, आणि पाण्याची ददात तशीच राहते. आपल्याकडील काळ्या पाषाणांत विहीर खणणें म्हणजे काय, तें शेतकऱ्यास सांगणें नको. माती व मुरूम लवकर निघतो. पुढें पहार, सुरुंग आणि मजुरी. एक-दोन उन्हाळे जावयाचे, आणि पाणी लागेलच याची हमी नाहीं. जालन्याच्या मिशननें त्या सुमारास दाबलेल्या हवेवर चालणारें छिद्रण-यंत्र कामास लाविलें. हवेचा हातोडा खडकाचा भुगा करीत जातो व तीच हवा तो भुगा वर फेकते. महिन्यांचें काम एक-दोन दिवसांवर आलें. १९६७ सालीं युनिसेफनेंही अशीं यंत्रें विमानानें देशांत धाडलीं.

परंतु भोंक पाडणें हें निम्मेंच काम. चार-सहा इंचांच्या नळींत पोहरा उतरत नाहीं, पंप हवाच. त्या वेळचे बिडाचे पंप मूळ परदेशांत एका कुटुंबाच्या वापरासाठीं योजलेले. आपल्या गांवांत पहाटेपासून दिवे लागेपर्यंत दांडा खालींवर होतो आणि घागरींची रांग सरत नाहीं. सांध्यांच्या खिळी झिजत, बीड तडके, आणि तडकलेलें बीड गांवच्या लोहारास सांधतां येत नाहीं. १९७४ च्या सुमारास महाराष्ट्र व तमिळनाडू येथील पंपांची पाहणी झाली, तेव्हां शेकडा ७५ बंद सांपडले. धर्मादायाचा आणि सरकारचा पैसा जमिनींत गाडला गेला म्हणावयाचा!

जालन्याच्या मंडळींनीं यावर स्वतःच पंप घडविला. अंग बिडाऐवजीं पोलादाचें, वेल्डिंगनें जोडलेलें. अनेक सांध्यांऐवजीं दांड्यास एकच आंस. सोलापुरास ऑस्कर कार्लसन या स्वीडिश यंत्रज्ञानें त्यांत आणखी सुधारणा केली. दांड्याच्या टोकास कमानदार तुकडा व साखळी बसविल्यामुळें आंतील सळई तिरकी न ओढली जातां सरळ वर येऊं लागली. हाच सोलापुरी नमुना घेऊन युनिसेफ व रिचर्डसन अँड क्रुडास हा सरकारी कारखाना यांनीं कोइमतूरजवळ कसोट्या घेतल्या, आणि १९७७-७८ च्या सुमारास 'इंडिया मार्क टू' बाहेर पडला. त्याचे हक्क कोणीं राखून ठेविले नाहींत. म्हणूनच तो देशभर लाखोंनीं बसला व आफ्रिकेंतही गेला. त्यांत एक उणीव मात्र राहिली : आंतील चामड्याची वाटी बदलावयाची तर सारी नळी उपसावी लागते, आणि गांव तालुक्याच्या मेकॅनिकची वाट पाहत बसतें.

नारूचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पायऱ्यांच्या विहिरींत नारू झालेलीं माणसें पाण्यांत उतरत व तेंच पाणी सारें गांव पीत असे. पाणी गाळून पिण्याची शिकवण आणि झांकलेला हापसा यांनीं ती वाट बंद केली. २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला.

जुनीं माणसें म्हणतात, १९७२ सालीं धान्य नव्हतें पण पाणी होतें. आतां धान्य आहे, पाणी नाहीं. हापसा साधारणपणें दीडशें फुटांपर्यंतचें पाणी उचलतो. ऊस व मोसंबीसाठीं आपणांपैकीं अनेक जण त्याच्या कितीतरी खालीं बोअर नेतात. मोटर सुरू झाली कीं जवळचा हापसा कोरडा खडखडतो. ज्यांच्या शेतांत विहीर नाहीं, किंबहुना ज्यांस शेतच नाहीं, त्यांचीच घागर रिकामी राहते. १९९३ च्या कायद्यानें सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरांच्या आंत नव्या विहिरीस आळा घातला. पुढें त्याची जागा २००९ च्या कायद्यानें घेतली. कागदावर हें सर्व ठीक आहे. बोअरची गाडी शेतांत येण्याच्या आदल्या दिवशीं आमच्या सभासदांनीं हापशापर्यंतचें अंतर टेपानें मोजावें, व तें कमी भरल्यास गाडी परत पाठवावी.