पहिली कोर्स-स्की घेताना

वॉटर स्कीइंगचा स्लॅलम कोर्स मारायचं ठरलं की नजर हमखास जाते ती स्पर्धक वापरतात त्या अरुंद, महागड्या कार्बन स्कीवर. जरा दमानं घ्या. ती बनलेली असते ताशी ५५-५८ किलोमीटर वेगासाठी आणि आपण सुरुवात करणार ४०-४५ नं.

त्या वेगात अरुंद स्की पाण्यात खोल बसते. बोयाला, म्हणजे तरंगत्या गोळ्याला, वळसा घातला की ती तिथेच रुतते, बोटीचा दोर सैल पडतो आणि पुढच्याच क्षणी असा हिसका बसतो की हँडल हातातून निसटतं. कोर्स २५९ मीटरचा, बोये सहा, प्रत्येक मध्यरेषेपासून साडेअकरा मीटर बाहेर. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम साडेतीन सेकंद मिळतात, त्यात रुतून कसं चालेल?

म्हणून थोडी रुंद स्की घ्या. रडार कंपनीची सेनेट किंवा एचओ कंपनीची ऑम्नी याच जातीच्या. कमी वेगातही वर तरंगतात, वळणातून लवकर सुटतात. लांबी उंचीवर नाही, वजनावर आणि वेगावर ठरते. कंपनीच्या तक्त्यात दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं माप घ्या.

स्कीच्या तळाशी असलेल्या फिनच्या सेटिंगला हात लावू नका. कॅलिपर घेऊन इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब करणारे काठावर भेटतीलच, त्यांना हसून नमस्कार करा! बूट मात्र घट्टच हवेत. टाच उचलली जात असेल, तर भारीतली स्कीही फुकट. जुनी घेत असाल, तर बूट बसवायच्या स्क्रूंभोवती तडे नाहीत ना, ते आधी बघा.