घर विकण्याआधी रंग मारावा का? ढाणकीसारख्या गावात हा हिशोब कसा बसतो

ढाणकीत एखादं घर विकायला निघालं की दारावर बोर्ड लागत नाही. आधी चहाच्या टपरीवर कळतं, मग दलालाला कळतं आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या दोन-तीन ग्रुपवर त्या घराचे फोटो फिरायला लागतात. फोटोत दोरीवरचे कपडे असतात, कोपऱ्यात सोयाबीनची पोती असतात आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडरही असतं. मग कोणीतरी घरमालकाला सल्ला देतं, "एक हात रंग मारून घ्या, लाख-दोन लाख जास्त येतील."

खरंच येतात का?

विकायचं घर सजवून दाखवणं हा अमेरिकेत रीतसर धंदा आहे. त्याला 'होम स्टेजिंग' म्हणतात. 1970 च्या दशकात बार्ब श्वार्झ या बाईंनी तो सुरू केला, असं मानलं जातं. कल्पना सोपी आहे. घरातला पसारा, कुटुंबाचे फोटो, भडक रंग काढून टाकायचे. भिंती फिकट ठेवायच्या. गरज पडली तर फर्निचर भाड्याने आणायचं. घेणाऱ्याला ते घर दुसऱ्याचं न वाटता स्वतःचं वाटलं पाहिजे.

तिथल्या दलालांच्या संघटनेने 2023 मध्ये सर्व्हे केला. खरेदीदारांकडून काम करणाऱ्या 81 टक्के दलालांनी सांगितलं की सजवलेल्या घरात राहण्याची कल्पना करणं गिऱ्हाइकाला सोपं जातं. पण हे दलालांचं मत झालं, मोजलेली किंमत नव्हे. मार्क लेन, मायकेल सायलर आणि विकी सायलर या अभ्यासकांनी लोकांना एकाच घराची वेगवेगळी रूपं दाखवून पाहिली. कुठे चांगलं फर्निचर, कुठे साधं. कुठे फिकट भिंत, कुठे भडक. सजवलेलं घर लोकांना जास्त आवडलं, पण किती पैसे द्याल या उत्तरात मात्र फारसा फरक पडला नाही.

म्हणजे सजावटीने घर आवडतं, पण त्यामुळे ते महाग विकलं जाईलच असं नाही.

आपल्याकडे या प्रकाराचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे पुण्या-मुंबईतला सॅम्पल फ्लॅट. तिथला पलंग कधी नेहमीपेक्षा लहान असतो, आरसे मोठे असतात, खोल्यांना दारंच नसतात. त्यामुळे जागा ऐसपैस वाटते. 2016 च्या रेरा कायद्याने याला थोडा लगाम घातला आहे. सॅम्पल फ्लॅट किंवा जाहिरात पाहून पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाली, तर बिल्डरला नुकसानभरपाई द्यावी लागते. मात्र हे कलम बिल्डरसाठी आहे. एका माणसाने दुसऱ्याला आपलं जुनं घर विकलं, तर तिथे रेरा येत नाही.

तिथे येतो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. आणि ढाणकीच्या भागात तो माहीत असायलाच हवा, कारण इथली जमीन.

उमरखेड तालुक्यातली काळी माती कापूस-सोयाबीनला चांगली, पण घराला वाईट. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते. पाया पुरेसा खोल किंवा नीट भरलेला नसेल तर त्याबरोबर घरही हलतं आणि भिंतींना तडे जातात. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला तडा इथल्या कोणत्याही गवंड्याला लगेच ओळखू येतो. घर विकायला काढलं की सगळ्यात आधी पुट्टी भरली जाते ती याच तड्यात.

वरवरचे पोपडे आणि केसाएवढ्या रेषा झाकण्यात काही गैर नाही. पण पाया खचल्याचं माहीत असताना तडा बुजवून वर रंग मारणं वेगळं. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे, असं 1882 च्या कायद्याचं कलम 55 म्हणतं. न सांगणं ही फसवणूक धरली जाते. शिवाय रंग टिकतो एक-दोन पावसाळे. तडा पुन्हा उघडतो तेव्हा घेणारा त्याच गावात असतो आणि विकणाऱ्याचे भाऊबंदही.

आता पैशाचं बघू. समजा घराची अपेक्षा 20 लाखांची आहे आणि रंग, किरकोळ दुरुस्ती, साफसफाई यावर 60,000 रुपये घातले. तेवढे वसूल व्हायला किंमत 3 टक्क्यांनी वाढली पाहिजे. किंमत वाढली नाही, पण घर लवकर विकलं गेलं, तर? ठेवीवर वर्षाला 7 टक्के व्याज धरलं, तर 20 लाख अडकून राहिल्याचे महिन्याला साधारण 11,700 रुपये होतात. म्हणजे पाच-सहा महिने आधी व्यवहार झाला तरच रंगाचा खर्च निघतो. हेच घर 2 कोटींचं असतं तर तोच खर्च अर्धा टक्काही झाला नसता. सजावटीचा सल्ला मोठ्या शहरात का चालतो आणि लहान गावात तो जसाच्या तसा का उचलू नये, ते या आकड्यांत दिसतं.

आणखी एक खोच. घर विकून झालेल्या नफ्यावर कर काढताना नवी खोली बांधल्याचा खर्च, बिलं असतील तर, वजा करता येतो. दलालीही वजा होते. नुसता रंग आणि डागडुजी सहसा धरली जात नाही.

मग फायदा कशात आहे? जिथे पैसे जवळपास लागतच नाहीत, त्यात. पोती आणि अडगळ हलवली की खोली मोठी दिसते. गळका नळ, न लागणारी कडी, फुटलेली फरशी अशा गोष्टी दिसल्या की घेणारा मनात म्हणतो, "दिसतंय ते एवढं, तर न दिसणारं किती असेल?" आणि भाव पाडतो. एखादा कवेलू सरकला असेल तर तो पावसाळ्याआधी बसवून घ्यावा. फोटो सकाळच्या उजेडात, खिडक्या उघडून काढावेत.

पण ढाणकीत घर बघायला येणारा भिंतीचा रंग शेवटी बघतो. आसपासच्या खेड्यांतून मुलांच्या शाळेसाठी गावात येऊ पाहणारं कुटुंब आधी विचारतं ते पाण्याचं. एप्रिल-मेमध्ये बोअरला पाणी असतं का? मग रस्ता, मग कागद. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पण जुन्या नमुना 8 वर आजोबांचंच नाव आहे, वारसनोंद झालेली नाही, अशी घरं कमी नाहीत. वडिलोपार्जित घर असेल तर बहिणींचाही हक्क असतो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना मुलांइतकाच वाटा दिला आहे. पुण्यात किंवा नांदेडला दिलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून इसार होऊनही व्यवहार लटकतो. 60,000 रुपये हाताशी असतील तर ते आधी वारसनोंद, थकलेला मालमत्ता कर आणि जागेची मोजणी यावर गेलेले बरे. त्यामुळे भाव वाढो न वाढो, खरेदीखताचा दिवस तरी पुढे ढकलला जात नाही.

मालक बाहेरगावी आणि घर बंद, अशी परिस्थिती असेल तर आणखी एक खर्च टाळू नये, तो म्हणजे वीजबिल. थकबाकीमुळे मीटर कापलेलं घर टॉर्चच्या उजेडात दाखवावं लागतं आणि मोटर चालू करून बोअरचं पाणी दाखवता येत नाही. महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून झाडलोट करायला शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं, की बंद घराचा कुबट वासही जातो.