पायडल फिरल्याचा पुरावा

विद्युत सायकलीवर बसलेल्या माणसाने पायडल मारायला सुरुवात केली की क्षण-दोन क्षणांत मोटार त्याच्या मदतीला येते आणि त्याचे पाय थांबले की मोटारही थांबते. या साध्या वाटणाऱ्या व्यवहाराची सारी जबाबदारी क्रँकच्या आसाजवळ बसवलेल्या एका लहानशा भागावर असते. पायडल-साहाय्य संवेदक, किंवा दुकानांतील रूढ बोलीत ‘पास सेन्सर’, या नावाने ओळखला जाणारा हा भाग सायकलीच्या एकंदर किमतीच्या मानाने अगदी स्वस्त असतो. परंतु तो बिघडला की बॅटरी भरलेली, पडदा उजळलेला, मोटार शाबूत आणि तरीही पायडल मारताना सायकल जड, अशी चमत्कारिक अवस्था ओढवते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीच्या किंवा कंट्रोलरच्या, म्हणजे मोटारीला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या सर्किटच्या, माथी मारला जातो आणि महागडे सुटे भाग विनाकारण बदलले जातात. वस्तुतः हा संवेदक काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे एकदा ध्यानात आले, तर बिघाड कोठे आहे ते साध्या मल्टिमीटरने ताडता येते, आणि कित्येकदा संवेदकही निकामी झालेला नसून केवळ जागचा हललेला आहे, असे आढळते.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक सायकलींमधील संवेदक चालकाचे श्रम मोजतच नाही. पायडल फिरत आहे की नाही, आणि फिरत असल्यास पुढे की मागे, एवढीच वर्दी तो कंट्रोलरला देतो. पायडलांच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना कॅडेन्स म्हणतात, म्हणून हा ‘कॅडेन्स सेन्सर’. दुसरा, अधिक महाग प्रकार टॉर्क सेन्सरचा. टॉर्क म्हणजे आसाभोवती एखादी वस्तू फिरवू पाहणारा जोर, जो न्यूटन-मीटर या एककात मोजतात. या दोन प्रकारांतील निवड केवळ किमतीवर ठरली असे नाही, तिच्यामागे देशोदेशीचे कायदेही आहेत. यामाहा कंपनीने १९९३ साली जपानमध्ये ‘पास’ नावाची विद्युत-साहाय्य सायकल विक्रीस आणली, तेव्हा तेथील नियमानुसार मोटारीने चालकाच्या जोराइतकाच जोर लावायचा होता आणि ताशी १५ किलोमीटरनंतर तो कमी करत ताशी २४ किलोमीटरला शून्यावर आणायचा होता. हे गुणोत्तर पाळायचे तर पायाचा जोर मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते. भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम मात्र असे गुणोत्तर मागत नाहीत. मोटारीची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी असावी, तिची मदत हळूहळू घटत ताशी २५ किलोमीटरला थांबावी आणि चालकाने पायडल मारणे सोडले तर त्याआधीच थांबावी, एवढ्या अटी पाळणाऱ्या पायडल-साहाय्य सायकलीला मोटार वाहन मानले जात नाही. यातली शेवटची अट पाळण्यासाठी पायडल फिरल्याचा पुरावा पुरेसा असतो आणि तो देण्यास कॅडेन्स सेन्सर समर्थ असतो.

हा पुरावा गोळा करण्याची युक्ती विजेच्या दिव्यांच्या पहिल्या पिढीइतकी जुनी आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री रोलंड यांच्या हाताखाली संशोधन करणारा एडविन हॉल हा विद्यार्थी जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या ग्रंथातील एका विधानापाशी अडला. चुंबकाचे बल विद्युतप्रवाहावर नव्हे, तर प्रवाह वाहून नेणाऱ्या तारेवर कार्य करते, असा त्या विधानाचा आशय होता. हॉलने १८७९ मध्ये काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर्खाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावले आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये अगदी सूक्ष्म पण निश्चित विभवांतर, म्हणजे व्होल्टमध्ये मोजला जाणारा विद्युत-दाबातील फरक, निर्माण होत असल्याचे दाखवून दिले. वाहणारे विद्युतभार चुंबकामुळे एका कडेकडे ढकलले जातात आणि तेथे त्यांची दाटी होते, हे त्याचे कारण. पण इलेक्ट्रॉनचा शोधच १८९७ मध्ये लागला असल्याने हॉलला ते त्या शब्दांत सांगता येणे शक्य नव्हते. धातूमध्ये हा परिणाम फार क्षीण असतो. अर्धवाहक पदार्थांत वाहक भारांची संख्या कमी असल्यामुळे तेवढ्याच प्रवाहासाठी त्यांना अधिक वेगाने धावावे लागते आणि परिणाम पुष्कळ पटींनी वाढतो, म्हणून हॉलचा शोध प्रयोगशाळेबाहेर पडून व्यवहारात रुळण्यासाठी अर्धवाहकांचे युग यावे लागले.

सायकलीतील संवेदकात हॉल घटक, त्याचा संकेत मोठा करणारा वर्धक आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा रोखठोक निकाल देणारे सर्किट ही तिन्ही एकाच चिपमध्ये सामावलेली असतात. क्रँकच्या आसाबरोबर फिरणाऱ्या प्लास्टिकच्या चकतीत लहान चुंबक समान अंतरावर बसवलेले असतात आणि प्रत्येक चुंबक चिपसमोरून जाताना तिच्या संकेताच्या वायरीवर ० आणि ५ व्होल्ट यांच्या दरम्यान एक चढउतार, म्हणजेच एक स्पंद, उमटतो. चुंबक किती, हा प्रश्न येथे वरकरणी क्षुल्लक भासतो, पण सायकल चालवण्याचा सारा अनुभव त्यावर अवलंबून असतो. एखादा कंट्रोलर मोटार सुरू करण्यापूर्वी ३ स्पंदांची वाट पाहत असेल, तर ५ चुंबकांच्या चकतीवर पायडल २१६ अंश फिरावे लागते आणि १२ चुंबकांच्या चकतीवर केवळ ९० अंश. चढावर उभ्या असलेल्या सायकलीचे पायडल मिनिटाला ३० फेऱ्यांच्या संथ गतीने फिरत असेल, तर पहिल्या स्थितीत १.२ सेकंद आणि दुसऱ्या स्थितीत अर्धा सेकंद जातो. सिग्नल सुटताच मागून हॉर्न वाजू लागलेल्या चौकात हा ०.७ सेकंदाचा फरक चांगलाच जाणवतो. थांबण्याचे गणित याहून नाजूक आहे. पायडल थांबले, अशी कोणतीही वर्दी संवेदक देत नाही. तो केवळ गप्प होतो, आणि ही स्तब्धता पुरेशी लांबली की मोटार बंद करायची, एवढेच कंट्रोलरला करता येते. मिनिटाला ४० फेऱ्या असताना ५ चुंबकांच्या चकतीवरून ०.३ सेकंदाला एक स्पंद येतो, म्हणून त्याहून अधिक काळ थांबल्याखेरीज कंट्रोलरला निर्णय घेता येत नाही. १२ चुंबक असल्यास हा अवधी ०.१२५ सेकंदावर येतो. पाय थांबल्यावरही मोटार ओढत राहते, ही तक्रार जेव्हा होते तेव्हा ती नेहमी बिघाडाची असतेच असे नाही, पुष्कळदा ती विरळ चुंबकांची असते.

दिशा ओळखण्यासाठी संवेदकात बहुधा एकमेकांपासून किंचित अंतरावर दोन हॉल घटक ठेवलेले असतात आणि चुंबक आधी कोणासमोरून गेला यावरून फिरण्याची दिशा ठरते. एकाच जागी उभे राहून पायडल उलटे फिरवण्याची सवय मुलांना असते, आणि संवेदकाला दिशा कळत नसेल तर त्या खेळात सायकल अचानक पुढे झेपावेल. काही संवेदक दिशेची माहिती स्पंदाच्या आकारातून पुरवतात: पुढे फिरताना ५ व्होल्टचा काळ ० व्होल्टच्या काळापेक्षा लांब असतो आणि मागे फिरताना आखूड. चकती उलटी बसवली तर काय होते, याचे उत्तरही येथेच सापडते. एक तर संवेदकाला पुढे म्हणजे मागे वाटू लागते, किंवा चिप फक्त एकाच ध्रुवाला प्रतिसाद देणारी असेल तर तिच्यासमोर चुंबकांचा भलता ध्रुव येऊन ती मुकीच राहते. नवा संवेदक बसवूनही मोटार ढिम्म राहिली की माल खराब निघाला असा निष्कर्ष घाईने काढला जातो, पण आधी चकतीची बाजू तपासलेली बरी.

बिघाडांची कारणे बहुतांशी यांत्रिक असतात. चकती आसावर सैल होऊन सरकते आणि चुंबक व चिप यांमधले काही मिलिमीटरांचे अंतर वाढते. चुंबकापासून दूर जाताना त्याचे क्षेत्र फार झपाट्याने क्षीण होत असल्याने दोन-तीन मिलिमीटरांची सरकही चिपला आंधळी करण्यास पुरते. चेन-चक्राच्या दात्यांशी घासून वायर कापली जाते. तीन पिनांची जोडणी ओढाताणीत वाकते किंवा तिच्यात पाणी शिरते. महाराष्ट्राच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत, हे शेवटचे कारण सर्वांत आधी तपासण्याजोगे ठरते, कारण तेथे पिनांवर हिरवट थर चढतो आणि निओडिमियमच्या चुंबकांवरील निकेलचा मुलामा टवकला गेल्यास आतील धातू गंजून भुसभुशीत होतो. संवेदकाची चिप स्वतःहून मरणे हे या सर्वांच्या तुलनेत विरळा. त्याशिवाय, ज्याचा संवेदकाशी संबंधच नाही असे एक कारणही हुबेहूब हीच लक्षणे दाखवते: ब्रेकच्या दांडीत मोटार तोडणारा जो स्विच असतो, तो अडकून राहिला तर ब्रेक दाबलेलाच आहे अशा समजुतीने कंट्रोलर पायडलाची कोणतीही वर्दी मानत नाही.

म्हणून निदानाची सुरुवात पाना हातात घेऊन नव्हे, तर ब्रेकमधील या स्विचची जोडणी सोडवून आणि साहाय्याची पातळी शून्यावर तर नाही ना, हे पाहून करावी. त्यानंतर मल्टिमीटर एकदिश प्रवाहाच्या २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून संवेदकाच्या जोडणीच्या मागच्या बाजूने, वायरी न सोडवता, मोजमाप घ्यावे. तीन वायरींपैकी लाल बहुधा ५ व्होल्ट पुरवते, काळी ऋण टोकाची असते आणि तिसरी, जिचा रंग उत्पादकागणिक बदलतो, ती संकेताची. लाल आणि काळी यांच्यात ५ व्होल्टच्या आसपास दाब मिळालाच नाही, तर संवेदक सोडवून पुन्हा मोजावे. आता दाब आला तर संवेदकात किंवा त्याच्या वायरीत शॉर्ट आहे, न आला तर दोष कंट्रोलरकडे आहे. दाब ठीक असेल तर संकेताची वायर आणि काळी यांच्यात मोजत क्रँक हाताने अगदी सावकाश फिरवावा, कारण मल्टिमीटरचे आकडे भराभर बदलत नाहीत आणि वेगाने फिरवल्यास अडीच-तीन व्होल्टच्या आसपासची निरर्थक सरासरी दिसते. आकडा ० आणि ५ यांच्या मध्ये नियमित खालीवर होत असेल तर संवेदक निर्दोष आहे. तो एकाच जागी खिळून राहिला तर सुटा चुंबक चिपसमोर दोन्ही बाजूंनी धरून पाहावा. आता आकडा हलला तर दोष चकतीचा किंवा अंतराचा आहे, आणि संवेदक बदलण्याचे कारण उरत नाही. या साऱ्या खटाटोपात टोके एकमेकांना किंवा बॅटरीच्या वायरीला टेकू देऊ नयेत, कारण ५ व्होल्टच्या वायरीवर बॅटरीचे ३६ किंवा ४८ व्होल्ट आले तर कंट्रोलर क्षणात जळतो.

संवेदक बदलायचाच ठरला तर खरे काम विजेचे नसून सायकलीचे असते. चौकोनी टोकाच्या आसावर घट्ट बसलेला क्रँक हातोडीने काढू पाहणे ही हमखास नुकसानीची वाट. बोल्ट काढून, क्रँकपुलर हे हत्यार त्याच्या आट्यांमध्ये पूर्ण खोल बसवून, मगच दांडा फिरवावा, नाही तर ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. संवेदक चेनच्या बाजूच्या बीबी-कपाखाली, म्हणजे क्रँकचा आस चौकटीत धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या कपाखाली, दाबून बसवलेला असेल, तर प्रचलित ब्रिटिश मापात त्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे कप घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो, हे विसरून चालत नाही. डाव्या बाजूला बसणारे संवेदक या दृष्टीने सोयीचे असतात. कॉटर-पिनच्या जुन्या धाटणीच्या भारतीय सायकलींवर मात्र चौकोनी आसासाठी घडवलेली चकती बसत नाही आणि तेथे आधी आसच बदलावा लागतो. परत जोडताना क्रँकचा बोल्ट सुमारे ३५ ते ४५ न्यूटन-मीटर जोराने आवळावा. त्यानंतर मागचे चाक उचलून धरून पायडल पुढे, मग मागे फिरवून पाहावे: उलट फिरवल्यावर मोटार चालू झाली तर सायकल रस्त्यावर नेऊ नये.

टॉर्क सेन्सरची दुरुस्ती घरी करण्याजोगी नसते, आणि त्याचे कारण तो मोजत असलेल्या राशीच्या सूक्ष्मतेत आहे. ६० किलो वजनाचा माणूस १७० मिलिमीटरच्या आडव्या क्रँकवर उभा राहिला, तर आसावर सुमारे १०० न्यूटन-मीटर टॉर्क येतो, पण त्यामुळे पोलादी आसाला पडणारा पीळ डोळ्यांना दिसणारा नसतो. धातूच्या पातळ नागमोडी पट्टीचा विद्युतरोध ताणाबरोबर बदलतो या तत्त्वावर चालणारा विकृतिमापक त्यावर चिकटवलेला असला, तर लांबीत ०.०५ टक्के वाढ झाल्यावर त्याचा रोध केवळ ०.१ टक्के वाढतो, आणि चार रोधांच्या व्हीटस्टन सेतूतून ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर हाती येतो तो जेमतेम सव्वा मिलिव्होल्टचा संकेत. एवढा क्षीण संकेत सांभाळणारी यंत्रणा सीलबंद असते, आणि कॅडेन्स सेन्सरच्या जागी ती परस्पर जोडताही येत नाही, कारण स्पंद मोजायला शिकलेल्या कंट्रोलरला चढत्या-उतरत्या व्होल्टेजचा अर्थ लागत नाही. अशा अनेक सायकली चालू करताक्षणी त्या वेळचा टॉर्क शून्य आहे असे गृहीत धरतात. पायडलवर पाय रेटून बटण दाबणाऱ्या चालकाला त्यामुळे पुढे मोटार कमी मदत करत असल्याचे जाणवते, आणि ही तक्रार बहुधा पाय खाली टेकवून सायकल पुन्हा सुरू केल्याने सुटते.