ट्रफल की ट्रफलसारखे? उत्तर पेशीत आहे

झाडांच्या मुळांजवळ, जमिनीखाली वाढलेला बुरशीचा गोळा सापडला की त्याला ‘ट्रफल’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. पण अशा गोळ्यांचे कूळ ठरवताना बाहेरचे रूप फार फसवे असते. ब्लेडने काढलेला पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला की खरी ओळख पटू लागते.

गैरसमज : जमिनीखालचा प्रत्येक गोळा ट्रफलच असतो.
वस्तुस्थिती : खरे ट्रफल ‘ट्यूबर’ या प्रजातीतले. त्यांचे बीजाणू ॲस्कस नावाच्या पिशवीसारख्या पेशीच्या आत तयार होतात. ‘रायझोपोगॉन’ वरून तसाच दिसतो, पण त्याचे बीजाणू बॅसिडियम नावाच्या पेशीच्या टोकावर, बाहेरच्या बाजूला येतात. ते गुळगुळीत, लांबट आणि साधारण 10 मायक्रॉनच्या आत असतात. फ्रान्सच्या काळ्या ट्रफलचे बीजाणू मात्र काटेरी आणि त्याच्या तिप्पट लांब भरतात. झारखंडच्या सालवनांत पावसाळ्यात मिळणारा रुगडाही बॅसिडियमवाल्यांपैकी आहे. चवीने खाल्ला जात असला, तरी तो ट्रफल नव्हे.

गैरसमज : सारखे दिसतात, म्हणजे एकाच कुळातले.
वस्तुस्थिती : हा आकार बुरशींच्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे. जमिनीखाली वारा नाही, त्यामुळे बीजाणू हवेत उडवून उपयोग नाही. वासाने प्राणी येतो, गोळा उकरून खातो आणि विष्ठेवाटे बीजाणू पसरवतो. या सोयीसाठी छत्री आणि देठ गळून पडले, पण पेशींनी जुने नाते जपले. ‘रसुला’ या अळंबीच्या जमिनीखालच्या नातलगांत बीजाणूंवरची नक्षी आयोडीनयुक्त मेल्झर द्रावणात निळी-काळी होते. अनेकदा गरात गोल पेशींचे झुबकेही दिसतात. छत्रीवाल्या रसुलातही हेच आढळते. रायझोपोगॉन हा ‘सुइलस’ या छत्रीवाल्या अळंबीचा जवळचा नातलग असल्याचे थॉमस ब्रन्स आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये डीएनएच्या आधारे दाखवले.

गैरसमज : रंग, वास आणि साल पाहून जात कळते.
वस्तुस्थिती : फ्रान्सचा महागडा काळा ट्रफल आणि चीनमधून येणारा स्वस्त ‘ट्यूबर इंडिकम’ यांत नुसत्या नजरेने सहज फसगत होते, आणि बाजारात एकाच्या नावाखाली दुसरा विकलाही जातो. इंडिकमचे वर्णन 1892 मध्ये हिमालयातल्या नमुन्यांवरून झाले. नावातला ‘इंडिकम’ तिथलाच. बीजाणूंवर दोघांच्याही काटे असतात, पण इंडिकमचे काटे बुडाशी रुंद असून कधी कधी एकमेकांना जोडलेले दिसतात. उन्हाळी ट्रफलच्या बीजाणूंवर काट्यांऐवजी जाळीदार नक्षी असते.

गैरसमज : डीएनए आले, आता मायक्रोस्कोप कालबाह्य.
वस्तुस्थिती : आजचे वर्गीकरण डीएनएवर उभे आहे हे खरे, आणि त्याने जुने कित्येक गट मोडले. पण कार्लो व्हिट्टाडिनी यांच्या 1831 च्या ग्रंथापासून जमा झालेल्या वर्णनांशी नवा नमुना ताडून पाहायला पेशींची रचनाच कामी येते. मर्यादाही आहेत. कोवळ्या गोळ्यात बीजाणू नसतात, आणि पिकलेल्या गोळ्यात बॅसिडियम अनेकदा विरघळून गेलेले असते. म्हणून एकाच जागचे वेगवेगळ्या वयाचे नमुने गोळा करावेत आणि डीएनए आणि पेशीरचना हे दोन्ही पुरावे एकत्र पाहावेत.

शेवटी, जिवाशी संबंधित गोष्ट. विषारी ‘स्क्लेरोडर्मा’ आणि ‘अमॅनिटा’ या छत्रीवाल्या अळंबीची न उमललेली अंडी हेही गोळेच असतात. गोळा उभा कापल्यावर आत छत्रीची आकृती दिसली तर तो नक्कीच ट्रफल नव्हे. पण ती दिसली नाही म्हणून तो खाण्याजोगाही ठरत नाही. जाणकाराने मायक्रोस्कोपखाली तपासून ओळख पटवल्याशिवाय अनोळखी गोळा तोंडात घालू नका.